जिभेवरचं गोड

दिवसाला चाळीस माणसांना मी श्वास घ्यायला शिकवते. ऐकायला मोठं वाटतं, पण काम साधं आहे. घाटकोपरच्या पालिका रुग्णालयात, छातीच्या ओपीडीबाहेर, पॅसेजमध्ये माझं टेबल आहे. टेबलावर सहा-सात पंप, सरावाच्या रिकाम्या कॅप्सूल, पाण्याचा जग, आणि खाली चूळ थुंकायला बादली. डॉक्टर पंप लिहून देतात, तो ओढायचा कसा ते मी दाखवते. कॅप्सूल आत घालायची आणि पंप फिरवायचा, म्हणजे ती फुटते. तोंड बाजूला करून छाती पूर्ण रिकामी करायची. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. मग जोरात, खोल आत ओढायचं. दहा आकडे श्वास रोखायचा. शेवटी चूळ भरून थुंकायची. सहा वाक्यं आहेत. एकोणीस वर्षं मी हीच सहा वाक्यं बोलते आहे. मेट्रोत समोरच्या बाईने जांभई द्यायला तोंड उघडलं तरी माझ्या मनात येतं, ओठ घट्ट.

लोक चुकतात. चुकणारच, कारण श्वास घ्यायला शिकावं लागेल असं कुणाला आयुष्यात वाटलेलं नसतं. कोणी पंपात फुंकर मारून सगळी पावडर उडवून देतं. कोणी नाकाला लावतं. मानखुर्दचे भाऊराव, पालिकेच्या सफाई खात्यातून रिटायर झालेले, जन्मभर जळत्या कचऱ्याचा धूर घेतलेले, यांनी दोन महिने रोज दोन कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या आणि मला येऊन म्हणाले, "सिस्टर, पोट एकदम झकास आहे. छातीलाच फरक नाही." मी त्यांच्यावर रागावले नाही. परक्या माणसावर मी कधीच आवाज चढवत नाही, आणि याचा मला थोडा गर्वही होता. माझा सगळा राग मी घरासाठी राखून ठेवते, हे मला त्या मंगळवारपर्यंत कळलं नव्हतं.

घरी मी आणि मम्मी, दोघीच. माझं लग्न झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मरोळच्या आमच्या गावठाणात कुणी ना कुणी ते विचारतंच. भाऊ वेन दुबईला असतो आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर मम्मीला विचारतो, "कशी आहेस?" ती म्हणते, "मस्त." मग तो मला विचारतो, "कशी आहे?" मी म्हणते, "आहे."

मम्मीचं नाव लूर्डस, वय चौऱ्याहत्तर. तिने आयुष्यात विडीला हात लावला नाही. पण चाळीस उन्हाळे तिने अंगणात चुलीवर खापरात मिरच्या भाजल्या. आमच्या ख्रिस्ती लोकांचा बाटलीतला मसाला म्हणजे वर्षभराचा जीव. अर्ध्या गावठाणाचा मसाला मम्मीच्या हातचा असायचा. तो धूर कुठे गेला याचा हिशेब तिच्या छातीने ठेवला. अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वी तपासणी केली तेव्हा फुप्फुसं पस्तीस टक्के चालत होती. तेव्हापासून पंप, सकाळ-संध्याकाळ. चूल मी त्याच दिवशी फोडून टाकली.

पंप सुरू झाल्यावर ती बरी राहायची. म्हणजे जिना नाही, जड पिशवी नाही, पण रोज सकाळी साडेसहाच्या मिस्साला चर्चमध्ये चालत जाऊन यायची. आणि मार्च आला की वाट लागायची. पहिल्या वर्षी मार्चमध्ये ॲडमिट. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये ॲडमिट. या वर्षी पुन्हा. ओठ निळे, बोलताना दोन शब्दांनंतर थांबणं, रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं.

मार्चमध्येच का, याची माझ्याकडे दर वर्षी नवी कारणं असायची. पहिल्या वर्षी मी नाक्यावरच्या टॉवरच्या बांधकामाला धरलं. वॉर्ड ऑफिसात तीन अर्ज दिले, खिडक्यांना ओली चादर बांधली. दुसऱ्या वर्षी समोरची यव्होन सापडली. यव्होन माझ्याच वर्गातली. ती अंगणात मिरच्या भाजायला बसली आणि मी तांब्या भरून पाणी तिच्या चुलीत ओतलं. ती नुसती बघत राहिली. एक शब्द बोलली नाही, आणि त्या दिवसापासून आजवर बोललेली नाही. या वर्षी टॉवर पुरा झालेला, यव्होनने मसाला चकाल्याच्या बहिणीकडे हलवलेला, तरी मम्मी आजारी पडलीच. म्हणजे यव्होनचा काही दोष नव्हता. पण ते जाऊन सांगायला तोंड कुठे होतं मला?

या वेळी मम्मी आमच्याच रुग्णालयात होती, म्हणून नऊ दिवस मी घरीही गेले नाही आणि कामावरूनही गेले नाही. छातीच्या डॉक्टर संघमित्रा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण खोटा धीर देत नाहीत. सोमवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, उद्या सोडते आईंना. या वेळी यातून निघाल्या. पण दर ॲटॅकमध्ये जे जातं ते परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? पुढच्या वेळी श्वासाचं मशीन लावावं लागेल, आणि मशीन काढता येईलच असं मी म्हणणार नाही."

मी मान हलवली. एकोणीस वर्षांत हे वाक्य मी डॉक्टरांच्या मागे उभी राहून पन्नास वेळा ऐकलं असेल. समोर उभी राहून पहिल्यांदा ऐकलं.

मंगळवारी डिस्चार्जचे कागद व्हायला वेळ लागत होता आणि वॉर्डातल्या खाटेवर नवीन पेशंट आला होता. म्हणून मी मम्मीला व्हीलचेअरवर माझ्या टेबलाशेजारी आणून बसवलं. तिचा सकाळचा डोस राहिला होता. मी पंप आणि कॅप्सूल तिच्या हातात दिली, म्हटलं, "घे गं," आणि पुढच्या पेशंटकडे वळले. रांग जिन्यापर्यंत गेली होती. घरीही हे असंच चालायचं. मी कामावर निघताना म्हणायची, "घेतलास?" ती म्हणायची, "घेतला." संध्याकाळी पुन्हा तेच. पंप घरी आणला त्या दिवशी मी तिला एकदा दाखवलं होतं, तेही चपला घालता घालता. नर्सच्या आईला आणखी किती दाखवायचं?

भाऊराव बाकावर बसले होते. त्यांनी हळूच माझ्या बाहीला हात लावला.

"सिस्टर, आईंकडे जरा बघता का?"

"काय झालं?"

"त्या खातात ते."

"काय खातात?"

"औषध. मी दोन महिने खाल्लंय, मला ओळखू येतं."

मी सरावाची रिकामी कॅप्सूल पंपात घातली आणि मम्मीला म्हटलं, परत करून दाखव. तिने आधी रुमालाने ओठ पुसले. डोळे मिटले, मान जराशी झुकवली, जीभ थोडी बाहेर काढली. पंपाचं तोंड जिभेच्या टोकावर टेकवलं आणि चहाचा घोट घ्यावा तसा इवलासा घोट घेतला. मग तोंड मिटून, दोन्ही हात छातीशी जोडून बसून राहिली. गळ्याची हालचाल झाली. गिळलं. छाती तसूभरही हलली नाही.

मला हे कुठे पाहिलंय ते आठवायला दोन क्षणही लागले नाहीत. सात वर्षांची असताना तिनेच मला हे शिकवलं होतं, पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, आदल्या आठवड्यात, बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवून. दात लावायचा नाही, चावायचं नाही, आपोआप विरघळू द्यायचं आणि मनात देवाला थँक्यू म्हणायचं. अडीच-पावणेतीन वर्षं माझी आई छातीचं औषध कम्युनियनसारखं घेत होती.

"मम्मी, हा काय मिस्सा आहे का?" मी ओरडले. "जिभेवर काय घेतेस? छाती जिभेत आहे का तुझी? रोज मी विचारते घेतलास का, घेतलास का, आणि तू हे असं घेतेस? अक्कल गहाण टाकलीस का?"

जिन्यावरची माणसं वाकून बघायला लागली. मम्मीने पंप मांडीवर ठेवला आणि रुमालाची घडी घालायला लागली. घडी नीट बसत नव्हती.

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. "चूळ भर." तिने भरली, गालांत फिरवली आणि गिळली.

"थुंकायची असते!"

"तोंडात घेतलेलं थुंकू?" ती अगदी हळू म्हणाली. "औषध आहे ना ते?"

डिसेंबरमध्ये तिच्या जिभेवर पांढरे चट्टे आले होते. चूळ नीट थुंकली नाही की ते येतात, हे मी रोज चाळीस लोकांना सांगते. तिला मी विचारलं होतं, चूळ भरतेस ना? ती भरते म्हणाली होती. खोटं कुठे बोलली होती?

रांग पुन्हा हलली. भाऊराव उठताना म्हणाले, "सिस्टर, एक बोलू? मी दोन महिने मूर्खपणा केला तेव्हा तुम्ही मला चहा पाजला होता." एवढं बोलून ते गेले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच तो फार लागला.

दुपारी कागदांवर सही करताना मी डॉक्टर संघमित्रांना सगळं सांगितलं. लाजच वाटत होती. लोकांना शिकवत बसले आणि दिव्याखाली अंधार. त्या हसल्या नाहीत. पेन थांबवून म्हणाल्या, "पण सिस्टर, चुकीचं तर त्या बाराही महिने घेतात. त्या घोटाबरोबर थोडं तरी आत जात असणार, त्यावर वर्ष निघतं. मग मार्चमध्ये काय होतं? मार्चमध्ये तेवढंही जात नाही का?"

रिक्षात मी त्याच विचारात होते. मम्मी बाहेर बघत होती. साकीनाक्याच्या सिग्नलला तिने विचारलं, "रविवारी झावळ्यांचा रविवार ना?" मी हो म्हटलं. "म्हणजे ईस्टरला अजून बारा दिवस," ती म्हणाली, आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मी लक्ष दिलं नाही. माझे पाय दुखत होते, मान दुखत होती, आणि घरी जाऊन नऊ दिवसांचे कपडे धुवायचे होते.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा मी मागच्या पडवीत दोरीवर चादरी टाकत होते. आत आले तर मम्मी वेदीसमोर बसलेली. वेदी म्हणजे आमच्या हॉलच्या कोपऱ्यातलं कपाट, वर मायमाऊली मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या, प्लॅस्टिकचे गुलाब, आणि मूर्तीच्या पायाशी पंप. औषध तिथे का ठेवतेस असं मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं विसरू नये म्हणून ठेवत असेल.

"डोसची वेळ झाली. चल, आज माझ्यासमोर घे."

"घेतला."

"कधी?"

"तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा."

मी पंप उचलून उघडला. कॅप्सूल फुटली की तिची दोन टरफलं आत राहतात, ती काढून टाकावी लागतात. पंप कोरडा, स्वच्छ. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, तिथेही काही नाही. मी पुन्हा ओरडणार होते, पण सकाळचं भाऊरावांचं चहाचं बोलणं आठवलं. कॅप्सूलची बाटली काढायला मी वेदीखालचा खण उघडला. बाटलीच्या मागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

डब्यात रुमालाच्या तीन पुरचुंड्या. प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली, मम्मीच्या गोल अक्षरात. एकीवर 'उपास' आणि दोन वर्षांपूर्वीचं साल. दुसरीवर 'उपास' आणि गेल्या वर्षीचं. तिसरीवर या वर्षीचं. सोडून बघायची गरज नव्हती, हाताला लागत होत्या. तरी मी सोडल्या. कॅप्सूल. अख्ख्या, न फुटलेल्या.

"मम्मी, हे काय आहे?"

"माझं आहे. ठेव तिथं."

"तू उपासात औषध घेत नाहीस?"

"उपासात मी गोड सोडते," ती म्हणाली. "लहानपणापासून सोडते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. तुला माहीत नाही काय?"

माहीत होतं. राखेचा बुधवार फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. तिथून पंप बंद, आणि तीन-चार आठवड्यांत रिक्षा. टॉवर नाही, यव्होन नाही. कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेलं होतं, चर्चमधून आणलेलं, उपासाचे दिवस जांभळ्या रंगात छापलेलं. मी रोज त्यावर दुधाच्या खुणा करत होते.

"हे औषध आहे," मी म्हटलं. "गोड कसं?"

"गोड लागतं ना? जिभेवर ठेवलं की लागतं. साखरेसारखं."

त्या पावडरीत थोडी दुधातली साखर असते. गोडसर लागलं तर घाबरू नका, हेही मीच लोकांना सांगते.

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. "फादरना विचारलंस? आजाऱ्याला उपास माफ असतो. औषध तर चालतंच."

"फादर परवा आलेलं पोर. त्याला काय विचारायचं? आणि आजाऱ्याला माफ, मला माहीत आहे. म्हणून दवाखान्यात घेतलं की नाही सगळं? नळी लावली, लावून घेतली. पंप दिलास, घेतला. आता घरी आले. घरी मी आजारी नाही."

"मम्मी, दुसरं काही सोडायचं ना! हेच कशाला?"

तेव्हा ती चिडली. आजारपणानंतर तिला चिडायला दम पुरत नव्हता, तरी चिडली.

"दुसरं काय ठेवलंस तू मला? डायबेटिस म्हणून मिठाई तू बंद केलीस. चहातली साखर तू काढलीस. मसाला तू बंद केलास, चूल फोडलीस. मटण नको, तळलेलं नको. सोडू काय मी? जे आपल्यापाशी नाहीच ते देवाला कसं द्यायचं? पडवळ सोडू? उपासात माणूस ज्याच्यावाचून चालत नाही ते सोडतो. हे एकच राहिलं होतं माझ्याकडे. हे नाही घेतलं की त्रास होतो. त्रास होतो म्हणूनच तर दिलं. सोपं असतं तर दिलं नसतं."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाठीवर हात फिरवत राहिले. पाठीतून तो आवाज माझ्या तळहाताला लागत होता, बंद दाराच्या फटीतून वारा यावा तसा.

"आणि कशासाठी गं?" श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं. "काय मागितलंस एवढं? वेनसाठी?"

ती मूर्तीकडे बघत राहिली.

"वेनला काय झालंय? तो मजेत आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी काय?"

"तू दमतेस गो. दारातून आत येतेस ना, चपलांच्या आवाजावरनं कळतं मला. पाय ओढत येतेस. आधी गायची घरात, आता बोलत पण नाहीस. मी देवाला म्हटलं, माझ्या ॲनेटला जरा विसावा दे. बाकी काय नको. ती बसली की उठायला बघते, उठली की बसायला बघते. मला बघवत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे देण्यासारखं हे एवढंच आहे, घे, आणि तिला विसावा दे."

मला आधी हसू आलं. खरंच आलं, आणि मग ते कुठल्या कुठे गेलं आणि मी स्टुलावरून खाली फरशीवर बसले आणि रडले. किती वर्षांनी रडले कुणास ठाऊक. ओपीडीत रोज कोणी तरी रडतं, मी टिश्यू पुढे करते. इथे मम्मीने तोच घडी न बसलेला रुमाल पुढे केला.

"मी कशाने दमते, तुला सांगू?" मी म्हटलं. "चाळीस पेशंटनी नाही दमत मी. ते माझं काम आहे. मी तुझा श्वास ऐकून दमते. मार्च आला की रात्र रात्र पडल्या पडल्या ऐकत असते, आता आला, आता नाही आला, आता आला. तीन वर्षं. नऊ दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपले. तू देवाकडे माझा विसावा मागितलास आणि माझी झोप त्याला देऊन टाकलीस."

बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता.

"मग देवाने मला तसं सांगायचं ना," मम्मी शेवटी म्हणाली.

"सांगितलं की. तीनदा ॲडमिट करून सांगितलं."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. पण लगेच ती पुन्हा गंभीर झाली. "बारा दिवस राहिलेत फक्त. देवाला दिलेलं परत कसं घेऊ?"

"परत घेऊ नको. त्या पुरचुंड्या त्याच्याच. राहू देत तिथे. फक्त यापुढे देऊ नको. पुरे झालं त्याला."

मी उठले, तोंड धुतलं, कामाच्या बॅगेतला सरावाचा पंप काढला. स्टूल तिच्या खुर्चीसमोर ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढं. आणि ओपीडीतला आवाज काढला, परक्या माणसांसाठी ठेवलेला.

"हं, लूर्डस मावशी. घाबरू नका. सावकाश करू. नाही जमलं तर परत करू."

"हे काय? मला 'तुम्ही' म्हणतेस?"

"सगळ्यांना म्हणते. तुम्हालाच म्हटलं नव्हतं. आता माझ्याकडे बघा. डोळे मिटायचे नाहीत. मान झुकवायची नाही, वर करायची. जीभ आत. जिभेला यात काही काम नाही."

पहिल्यांदा तिची जीभ आपोआप बाहेर आली. सत्तर वर्षांची सवय. मी फक्त माझी स्वतःची जीभ बाहेर काढून आत घेतली. ती हसली. दुसऱ्यांदा तिने पंपात फुंकर मारली. तिसऱ्यांदा ओठ घट्ट बसले, पण ओढलं अगदी नाजूक, चहाच्या घोटासारखं.

"घोट नाही. फालुदा नळीने ओढता ना, तळाचा सब्जा वर येत नाही, तेव्हा कसं ओढता? तसं."

"फालुदा पण तूच बंद केलास," ती म्हणाली. पण चौथ्यांदा तिची छाती वर आली. कॉलरखालची हाडं वर उचलली गेलेली मी बघितली. रिकाम्या कॅप्सूलचा आत खुळखुळ आवाज आला. कॅप्सूल अशी खुळखुळली की श्वास बरोबर. एकोणीस वर्षांत हजारो वेळा ऐकलेला आवाज, आमच्या घरात पहिल्यांदा.

"आता दहा आकडे श्वास रोखायचा."

"दहा नाही जमणार. आकडे मोजले की घाबरायला होतं."

"मग मनातल्या मनात नमो मरियाची प्रार्थना म्हणा. अर्धी झाली तरी चालेल."

मी बाटलीतली खरी कॅप्सूल काढून पंपात घातली आणि पंप तिच्या हातात दिला. तिने तो लगेच तोंडाकडे नेला नाही. मूर्तीकडे पाहिलं. किती वेळ पाहत होती, काय बोलली, मला माहीत नाही, आणि ते मी विचारणारही नाही. मला एवढंच कळत होतं की तिने नाही म्हटलं तर मी काही करू शकत नाही. औषध तोंडापर्यंत नेता येतं. श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

मग तिने स्वतः पंप फिरवला. तोंड बाजूला करून छाती रिकामी केली, अगदी खोकला येईपर्यंत. दातांमध्ये धरला, ओठ मिटले. ओढलं. खुळखुळ झाली. पंप खाली आला आणि ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली, ओठ मिटलेले, नाकपुड्या थरथरतायत, श्वास आत धरलेला. मीही धरला होता. तिची नमो मरिया मी तिच्या डोळ्यांत मोजत होते. अर्ध्यावर थांबेल असं वाटलं. ती थांबली नाही. शेवटच्या आमेनपर्यंत गेली आणि मग हळूहळू सोडला.

तिने जीभ टाळ्याला लावून बघितली, पुन्हा लावून बघितली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता.

"गोड नाही लागलं," ती म्हणाली.

"जरासं लागतं. एवढंच. बाकी सगळं आत गेलं. गोड लागायचं ते जिभेवर राहायचं म्हणून."

रस्त्यावरून यव्होनचा आवाज आला, भाजीवाल्याशी भाव करत होती. उद्या तिच्या दारात माफी मागायला जायला हवं, हे मला आठवलं.

"म्हणजे हे गोड नव्हतंच," मम्मी म्हणाली. "मग तीन वर्षं मी सोडलं काय गो?"

मला माहीत होतं तिने काय सोडलं. तिलाही कळलं होतं, कारण तिचा हात छातीवर गेला होता.

मी पाण्याचा पेला आणि खाली ठेवायला छोटी बादली आणली. तिने चूळ भरली, गालांत फिरवली, आणि तोंड मिटून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर देवाघरचं म्हणून जे तोंडात घेतलं ते तिने कधी थुंकलं नव्हतं.

"थुंक, मम्मी," मी म्हटलं.

ती वाकली आणि थुंकली.